सर्दी गेली, पण कान उघडला का?

कासूकरांनो, आणि गडब, आमटेम, शिहू, नागोठण्याच्या शेजाऱ्यांनो, हे वाचताना जरा घरात नजर फिरवा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला सर्दी झाली होती? नाक वाहायचं थांबलं, खोकला गेला, ताप उतरला. बरं झालं. आता त्याच माणसाला जवळ बसवून विचारा, कान मोकळा झाला का? एखाद्या कानाला दडा बसलेला नाही ना? बोलताना स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत नाही ना?

तुम्हीच विचारा, कारण तो आपणहून सांगणार नाही. दाढ दुखली तर माणूस घर डोक्यावर घेतो. दडा दुखत नाही, म्हणून तो अंगावर काढला जातो. कामाला गेलं नाही तर हाजरी बुडते, भातकापणी थांबत नाही, पेणला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. मग ‘सर्दीचं आहे, सुटेल’ म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा तो सुटतोही, हे मी नाकारत नाही. पण जेव्हा सुटत नाही, तेव्हा याच एका वाक्यापायी कुणाचा कान कायमचा जातो, कुणा पोराचं शाळेतलं वर्ष वाया जातं. ते वाक्य उच्चारण्याआधी तुम्ही थोडं थांबावं, एवढंच मागणं आहे.

आधी भीती घालवू. पेणहून खोपोली करून बोरघाटाने लोणावळ्याला गेला असाल, तर चढावर कान दडपतात आणि आवंढा गिळला की फट्‌दिशी सुटतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी आहे. तिथून निघालेली एक नळी नाकाच्या पाठीमागे, घशाच्या वरच्या अंगाला उघडते. मोठ्या माणसात ती जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची. आवंढा गिळताना, जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि आतली-बाहेरची हवा सारखी करते. सर्दीत नाकाचं अस्तर सुजतं तसं या नळीचंही सुजतं. नळी मिटते. आतली हवा शरीर शोषून घेतं, पडदा आत ओढला जातो, आणि कान गच्च होतो. पुढे त्या पोकळीत पाणी झिरपून साचतं. सर्दी आठवड्याभरात जाते. नळीची सूज आणि आतलं पाणी मात्र मागे रेंगाळतं, कधी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त.

तेव्हा पहिले काही दिवस त्या नळीला हात द्या. वरचेवर आवंढा गिळा. कोमट पाणी घोट घोट प्या. नाक चिमटीत धरून आवंढा गिळून बघा. पाणी उकळून गार करा, त्यात चिमूटभर मीठ घाला, नाक धुवा. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, तेही चालतील. वाफेने बरं वाटत असेल तर घ्या, पण उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलाच्या पुढ्यात कधीही ठेवू नका. नाक शिंकरताना दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावू नका. एक धरा, दुसरी हळूच मोकळी करा. नाक-तोंड बंद करून कानात हवा फुंकायची युक्ती अनेकांना माहीत असते. सर्दी जोरात असेल तेव्हा ती करूच नका, नाकातला पू-शेंबूड त्याच वाटेने कानात ढकलला जातो. सर्दी ओसरल्यावर करायची तर अगदी हलक्याने, आणि दुखलं की लगेच सोडून द्या. चोंदलेलं नाक मोकळं करणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घालू नका. पुढे त्या थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसासाठी आणि लहान मुलासाठी तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका.

आता ज्याच्यासाठी मी तुम्हाला एवढं थांबवून धरलंय, ते ऐका.

कान दडपल्यासारखा वाटतो तो दर वेळी नळीमुळेच, असं नाही. कधी कधी आतल्या कानातली ऐकण्याची नसच एकाएकी काम सोडते. रात्री झोपताना ऐकू येत होतं, सकाळी उठलं तर एक कान बंद. किंवा नेहमीच्या कानाला मोबाइल लावला आणि पलीकडून कुणी बोलतच नाही असं वाटलं. सोबत कानात शीळ वाजते. कुणाला चक्कर येते. दुखत मात्र काहीच नाही. डॉक्टर याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. तीन दिवसांच्या आत, कधी तर काही तासांत, ऐकणं घसरतं. अमेरिकेतल्या अंदाजानुसार वर्षाला लाख माणसांमागे ५ ते २७ जणांना हे होतं. म्हणजे दुर्मीळच. पण त्या माणसालाही पहिल्या दिवशी फक्त ‘कान भरलाय’ एवढंच वाटतं. तो नुकताच सर्दीतून उठलेला असला, तर घरचे, शेजारी, कधी कधी घाईत असलेला डॉक्टरसुद्धा त्याला सर्दीच्या गोळ्या देऊन घरी पाठवतो. दोन-तीन आठवड्यांनी कळतं की सर्दीशी त्याचा संबंधच नव्हता. तोवर औषधाची वेळ निघून जात असते.

हो, औषध आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा पडद्यातून कानात दिलेलं इंजेक्शन. ते जितक्या लवकर, तितकं बरं. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं, आणि त्यातही पहिले काही दिवस सोन्याचे. काही जणांचं ऐकणं आपोआप परत येतं हे खरं आहे. पण तुमच्या घरातला माणूस त्यांतला आहे की नाही, हे पहिल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. त्या जुगारावर नवऱ्याचा, बायकोचा, बापाचा कान लावू नका.

मग ओळखायचं कसं? एक सोपी खूण शिकून घ्या. आत्ता, कान ठीक असताना, एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून ‘म्‌म्‌म्‌’ असं गुणगुणा. आवाज बोट घातलेल्या कानात जास्त घुमेल. नळी मिटल्याने, मळाने किंवा पाण्याने कान बंद असेल तर असंच होतं, गुणगुणणं बंद कानाकडे ओढलं जातं. पण कान दडपलेल्या माणसाने गुणगुणलं आणि आवाज चांगल्या कानाकडेच गेला, तर नसेची शंका घ्या. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर ढकलू नका, बाजाराच्या वारावर ढकलू नका, सण होऊ दे म्हणू नका. ही खूण म्हणजे निदान नव्हे. ती चुकू शकते, आणि तिने ‘साधाच दडा’ दाखवला म्हणून ऐकू न येणाऱ्या माणसाला घरी बसवून ठेवायचं नाही. ऐकणं एकाएकी गेलं असेल तर गुणगुणण्याचं उत्तर काहीही येवो, निघा.

आणि डॉक्टरांसमोर ‘कान बंद आहे’ एवढंच सांगून गप्प बसू नका. सांगा, अमक्या दिवशी, अमक्या वेळेला, एकाएकी ऐकू येईनासं झालं. सांगा, शीळ वाजते. सांगा, चक्कर आली होती. विचारा, ऐकण्याची चाचणी करायला हवी का? मधुमेह असेल तर तेही बोला, कारण स्टेरॉइडने साखर वाढते आणि डॉक्टरांना तो हिशोब धरावा लागतो. पेण आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते फोन करून विचारा. आज नसतील तर त्या वाराची वाट बघत आठवडा घालवू नका. दिवा-रोहा गाडी आपल्या कासूला थांबते. तिने पनवेल गाठा, पुढे मुंबईत जे.जे., केईएम, नायर आहेत. एक दिवसाची हाजरी बुडेल. बुडू द्या.

ज्यांचा दडा साधा आहे, तेही आपल्या हाताने तो अवघड करून ठेवतात. आणि हे घराघरात होतं. कान बंद झाला की पहिल्यांदा आठवतं ते गरम तेल. खोबरेलात लसूण कडकडवून दोन थेंब. आजीच्या मायेला नाव ठेवायला माझी जीभ रेटत नाही, पण बघा, दडा पडद्याच्या आत आहे आणि तेल पडद्याच्या बाहेर राहतं. ते तिथपर्यंत पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर पोचतं, आणि तेव्हा आतल्या भागाला इजा करतं. शिवाय आपली हवा दमट. पावसाळ्यात आणि नंतरही कानात बुरशी धरते, खाज सुटते, काळे-पांढरे कण निघतात. तेलकट, ओलसर कानात ती अधिकच फोफावते.

म्हणून तेलाची वाटी बाजूला ठेवा. आजीला सांगा, नातवाचं डोकं मांडीवर घे, पाठ थोपट, गरम फडक्याने कानाबाहेरून शेक हवा तर दे. आत काही घालू नको. आणि तुमच्या खिशातली किल्ली, केसातली पिन, आगकाडी, कापूस गुंडाळलेली काडी, यांपैकी काहीही कानात घालू नका. मळ असेल तर तो काडीने आणखी आत बसतो. स्टेशनाबाहेर कान साफ करून देणाऱ्यापुढे मान तिरकी करून बसू नका. मेडिकलवाल्याकडून ‘कानाचे थेंब द्या’ म्हणून मागू नका, कारण पडदा फाटलेला असताना काही थेंब आतल्या नसेला अपाय करतात, आणि पडदा फाटलाय की नाही हे दुकानात उभं राहून दिसत नाही. डॉक्टरांना ते दुर्बिणीसारख्या दिव्यातून एका मिनिटात दिसतं. अनेकदा तर निघतो तो नुसता मळ, आंघोळीच्या पाण्याने फुगलेला, आणि लोक महिनाभर सर्दीच्या गोळ्या खात बसलेले असतात.

आता मुलांकडे या. इथे घाईपेक्षा लक्ष हवं, आणि तेच कमी पडतं.

लहान मुलाची ती नळी आखूड असते आणि आडवी असते. त्यामुळे प्रत्येक सर्दीचा हिशेब कानाला चुकता करावा लागतो. शाळेत जाण्याआधी दहातल्या नऊ मुलांच्या कानात कधी ना कधी असं पाणी साचतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप आटतं. त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. सर्दी-अॅलर्जीच्या सिरपनेही ते लवकर आटत नाही, तेव्हा बाटल्यांवर पैसे घालवू नका. पण काही मुलांचं आटत नाही, दाटसर चिकट होऊन बसतं. मूल रडत नाही. कान धरत नाही. ताप नाही. कुणाला काही कळतच नाही.

तुम्हाला कळावं म्हणून एक करा. आज रात्री जेवताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे घाला आणि घरच्यांचं बोलणं ऐका. समोरचा माणूस बोलला तर समजेल. पाठीमागून आई काय म्हणाली ते अर्धंच कळेल. टीव्ही चालू असेल तर काहीच नाही. तुमचं मूल कदाचित याच अवस्थेत चौथ्या बाकावर बसलेलं असतं, वर पंखा, पत्र्यावर पाऊस, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतायत. ‘शतक’ आणि ‘दशक’ यांतला फरक त्याच्यापर्यंत येतच नाही. मग त्याच्या नावापुढे काय लागतं? ढ. हट्टी. दुर्लक्ष करतो. ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तो ऐकून न ऐकल्यासारखं करत नाही हो. त्याला ऐकूच येत नाही. आणि जो दोन-अडीच वर्षांचा आहे, ज्याची बोली अजून घडते आहे, त्याच्या तर तोंडातले शब्दच मागे पडतात.

म्हणून मुलाला रागवण्याआधी तपासा. तो पाठमोरा खेळत असताना हळू आवाजात त्याच्या आवडीच्या खाऊचं नाव घ्या. वळला का? टीव्हीचा आवाज वाढवतो का? ‘काय?’ ‘काय?’ करतो का? तुमच्या ओठांकडे बघत राहतो का? सर्दीनंतर हे काही आठवडे चाललं असेल तर आरोग्य केंद्रात न्या, कान बघून घ्या, तारीख लिहून ठेवा. तीन महिन्यांनीही पाणी तसंच असेल, किंवा बोलणं मागे पडत असेल तर त्याआधीच, ऐकण्याची चाचणी मागा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ सालापासून. तान्ह्या बाळाचंही ऐकणं मोजता येतं. ‘लहान आहे, मोठा झाला की बघू’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही ऐकू नका.

बाई, गुरुजी, तुमच्याकडे वेगळं मागणं आहे. सर्दीच्या दिवसांत जे मूल अचानक मागे पडलं, त्याला पुढच्या बाकावर आणा. बोलताना त्याच्याकडे तोंड करा. आईबापांना निरोप धाडा. अंगणवाडीताई, आशाताई, डोंगराकडच्या वाड्यांवर तुमच्याशिवाय कोण जातं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते तेव्हा त्या मुलाचं नाव आधीच काढून ठेवा. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरहून सुरू झाला. कान वाहणं आणि कमी ऐकू येणं हे दोन्ही त्याच्या तपासणीत येतात. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्यांची एकदा तपासणी असते. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका.

खर्चाची धास्ती असेल तर तीही बोलूनच टाकू. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. मुलाच्या पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायची, त्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवायची वेळ आली, तर ती शस्त्रक्रिया छोटी असते. नळी सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर न्या. विचारायला लाजू नका.

घरात आणखी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. विडी-सिगारेट दाराबाहेर न्या, चुलीचा आणि मशेरी भाजल्याचा धूर पोरांच्या खोलीत कोंडू देऊ नका. धुराच्या घरातल्या मुलांच्या कानात पाणी जास्त साचतं. आणि बाळाला सपाट आडवं ठेवून बाटली देऊ नका, डोकं उंच धरा. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांच्या लसीकरणात न्यूमोकोकलची लस मोफत असते. ती चुकवू नका. कानाच्या काही दुखण्यांपासूनही ती राखण करते.

मोठ्यांसाठी एक सांगायचं राहतं, ते आपल्या रस्त्याचं आहे. आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. एक दडपलेला असला की हॉर्न ऐकू येतो, पण ट्रक डावीकडून की उजवीकडून ते कळत नाही. आपलं गाव महामार्ग आणि रेल्वेच्या कुशीत आहे. कान बंद असेपर्यंत दुचाकी दुसऱ्याला चालवायला द्या. रूळ ओलांडताना कानावर विसंबू नका, थांबा, दोन्हीकडे बघा. कारखान्यात रात्रपाळीला असाल तर सुपरवायझरला सांगून ठेवा, पाठीमागून येणारी गाडी तुम्हाला ऐकू जाणार नाही.

आणि काही वेळा वाट बघायचीच नसते. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, भोवळ थांबेना, मान ताठली, ताप चढला, तर १०८ ला फोन करा. मधुमेही माणसाचा कान रात्ररात्र ठणकत असेल तर ते दुखणं कानापुरतं राहीलच असं नाही, हाडापर्यंत जाऊ शकतं, त्याला त्याच दिवशी न्या. कान वाहतोय आणि घाण वास येतोय, तर ‘लहानपणापासून वाहतो’ म्हणून सोडून देऊ नका. तसला कान आतून हाड कुरतडत असू शकतो. आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या एकाच कानात पाणी आठवडेच्या आठवडे राहिलं, तर नाकामागची जागा दुर्बिणीतून बघून घ्या, असं डॉक्टरांना तुम्हीच म्हणा. क्वचितच तिथे गाठ असते. पण असली तर ती लवकर सापडायला हवी.

मोठ्या माणसाचा साधा दडा दोन आठवड्यांत सुटला नाही, तर दाखवा. आणि डॉक्टरांनी परत बोलावलंय ती तारीख पाळा, कान मोकळा वाटू लागला असला तरी. मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण कानात पाणी असूनही मूल छान हसतं-खेळतं. केसपेपर दप्तरात नको, शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला शोधाशोध होणार नाही.